जुन्या पीएलसीचं ४-२० मिलीअँपिअर आउटपुट कार्ड बदलताना : नोव्हेंबर ते मे

नागपूरजवळच्या एका सोयाबीन सॉल्व्हंट प्लँटमध्ये (हेक्झेन या द्रावकाने तेल काढणाऱ्या कारखान्यात) पीएलसीचं, म्हणजे प्लँट चालवणाऱ्या कंट्रोल संगणकाचं, आठ चॅनेलचं ॲनालॉग आउटपुट कार्ड शेवटच्या घटका मोजत होतं. हे कार्ड व्हॉल्व्ह आणि मोटरींना प्रवाहाने हुकूम देतं : ४ मिलीअँपिअर म्हणजे शून्य टक्के, २० म्हणजे शंभर. दोन चॅनेल आधीच मेलेले, कंपनीने ते मॉडेल बनवणं थांबवलेलं, आणि जुन्या मालाच्या बाजारात वॉरंटीशिवाय ८५ हजार रुपये भाव. अख्खा पीएलसी बदलायचा तर हंगाम बुडतो. म्हणून असं ठरलं की पीएलसी आहे तोच ठेवायचा, त्याच्या सिरीयल पोर्टवरून मॉडबस या संदेशपद्धतीने आकडे घ्यायचे आणि आउटपुटचं मॉड्यूल आम्ही बनवायचं. काम साडेसहा महिने चाललं. डीएसी, म्हणजे आकड्याचा प्रवाह करणारी, चिप समजून घ्यायला त्यातले चार दिवस लागले. बाकीचा वेळ कशात गेला ते क्रमाने लिहितो, म्हणजे असं काम हातात घेणाऱ्याला आधीच अंदाज येईल.

दिवाळी आटोपल्यावर, ११ नोव्हेंबर २०२४ ला पहिली पाहणी केली. सोयाबीनची आवक जोरात, प्लँट चालू, त्यामुळे वायरला हात लावायची परवानगी नव्हती. फक्त क्लॅम्पचा मिलीअँपिअर मीटर आणि टर्मिनलवर व्होल्टेज मोजणं. हेक्झेनचा प्लँट असल्याने गेटवरच मोबाइल जमा, नायलॉनचे कपडे चालत नाहीत, आणि लॅपटॉपचा सीरियल नंबर परतीच्या गेटपासवर लिहावा लागतो. ऑसिलोस्कोप नेणार असाल तर त्याचाही नंबर त्याच पासवर घ्या. राहून गेला तर संध्याकाळी बाहेर पडताना स्टोअरच्या सहीसाठी दोन तास जातात.

आठपैकी सहा चॅनेल वापरात होते. तीन कंट्रोल व्हॉल्व्ह झेनर बॅरियरमधून (स्फोटाचा धोका असलेल्या भागात जाणारी वीज मर्यादेत ठेवणारा अडसर), आणि तीन व्हीएफडींचे, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचे, स्पीड रेफरन्स. डीटीच्या, म्हणजे पेंडीतलं हेक्झेन वाफेने उडवणाऱ्या डीसॉल्व्हंटायझर टोस्टरच्या, वाफेच्या व्हॉल्व्हपाशी आलो तेव्हा इन्स्ट्रुमेंटचा फिटर म्हणाला, “भाऊ, हा व्हॉल्व्ह पुरा खुलतच नाही. लय दिवसांपासून असंच आहे.” स्पिंडल दोनदा काढून साफ केलं होतं, डायफ्रॅमही बदलला होता. पॅनलवर १०० टक्के आणि व्हॉल्व्हवर ७७.

दोष व्हॉल्व्हमध्ये नव्हताच. पूर्वी तिथे साधा आय टू पी, म्हणजे प्रवाहाचा हवेचा दाब करणारा कन्व्हर्टर, होता. नंतर स्मार्ट पोझिशनर, म्हणजे व्हॉल्व्ह सांगितलेल्या जागी नेऊन धरणारं उपकरण, बसवला गेला. पोझिशनर लूपमधूनच, म्हणजे सिग्नलच्या त्याच दोन तारांमधून, वीज घेतो आणि स्वतःवर सुमारे ९.५ व्होल्ट ठेवतो. बॅरियरचा रोध मोजला तर ३३५ ओहम, त्याच लूपमध्ये रेकॉर्डरचा २५० ओहमचा रेझिस्टर, आणि केबलचे १०. जुनं कार्ड टर्मिनलवर जास्तीत जास्त १९.२ व्होल्ट देत होतं. त्यातून ९.५ वजा केले की ९.७ उरतात, भागिले ५९५ ओहम म्हणजे १६.३ मिलीअँपिअर. ४ ते २० च्या हिशेबात बरोबर ७७ टक्के. आकडा जुळला त्या क्षणी फिटरच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती विसरता येणार नाही. इतके दिवस त्याच्या कामाला दोष लागत होता.

म्हणून चिप निवडण्याआधी प्रत्येक लूपचा हा हिशेब कागदावर मांडा. आय टू पीची कॉइल १७० ते १८० ओहमच्या आसपास असते, व्हीएफडीचं इनपुट बहुधा २५० किंवा ५००. केबल १.५ चौरस मिलिमीटरची असेल तर तांब्याचा रोध किलोमीटरला १२.१ ओहम, जाणारी आणि येणारी अशा दोन्ही तारा धरायच्या. पोझिशनर मात्र ओहममध्ये धरू नका, त्याचे व्होल्ट वजा करा.

व्हेंडर नोंदणीला १९ दिवस लागले. पॅन, जीएसटी प्रमाणपत्र, उद्यम नोंदणी, रद्द केलेला चेक आणि बँकेचं पत्र. पत्रावर शाखेचा शिक्का गोल हवा होता, आमचा चौकोनी आला, एक फेरी वाया. उद्यम प्रमाणपत्र नक्की जोडा आणि बिलावरही तो क्रमांक छापा. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असेल तर लेखी करार असतानाही पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, आणि एप्रिल २०२४ पासून उशीर केला तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी आयकरात दाखवता येत नाही. लेखा विभाग हे चांगलं ओळखून असतो. ९ डिसेंबरला ऑर्डर हातात आली : दोन मॉड्यूल, एक चालू आणि एक राखीव, ३० टक्के आगाऊ.

त्याच काळात बदल-मंजुरीचा फॉर्म फिरत होता. प्रोसेस, इलेक्ट्रिकल, सेफ्टी आणि इन्स्ट्रुमेंट अशा चार सह्या. त्यात एक रकाना होता : ‘संपर्क तुटल्यास आउटपुटची स्थिती’. पहिल्यांदा तो आम्ही सगळ्यांना सारखाच भरला, ‘४ मिलीअँपिअर’. प्रोसेसच्या मॅडमनी फॉर्म परत पाठवला, आणि ते योग्यच होतं. वाफेचा व्हॉल्व्ह बंद झाला पाहिजे, कंडेन्सरच्या थंड पाण्याचा उघडा राहिला पाहिजे, मिसेलाच्या (तेल आणि हेक्झेनच्या मिश्रणाच्या) लेव्हलचा आहे तिथेच थांबला पाहिजे. पाण्याचा व्हॉल्व्ह हवा गेल्यावर उघडणारा असल्याने त्याला ४ मिलीअँपिअर म्हणजे पूर्ण उघडा. हा तक्ता इलेक्ट्रॉनिक्सवाल्याने ठरवायचा नसतो. प्रोसेसकडून सहीसकट घ्यायचा आणि तसाच फर्मवेअरमध्ये उतरवायचा. एक गोष्ट मात्र आपण सांगायची : ‘बंद’ म्हणजे शून्य मिलीअँपिअर करू नका. लूपवर चालणारा पोझिशनर ३.६ ते ३.८ च्या खाली मरतो आणि प्रवाह परत आला तरी जागा व्हायला वेळ घेतो. आमच्या पोझिशनरला आठ-दहा सेकंद लागले.

आता चिप. एडी५४२० घेतली : १६ बिट, थेट प्रवाह देणारी, आत ५ व्होल्टचा रेफरन्स. १२ बिटांचा डीएसी आणि पुढे व्होल्टेजचा प्रवाह करणारं सर्किट असंही स्वस्तात जमतं. १२ बिटांत १६ मिलीअँपिअरची एक पायरी ३.९ मायक्रोअँपिअरची पडते आणि व्हॉल्व्हला त्याहून बारीक काही कळत नाही. एडी५४२० घेण्याचं कारण बिट नव्हेच. लूप तुटलं की ती स्वतः सांगते आणि लिहिलेली किंमत परत वाचून दाखवते, म्हणून घेतली.

तिच्यात ४-२० ची वेगळी रेंज आहे. ती वापरू नका, ०-२४ ची वापरा. ४-२० च्या रेंजमध्ये कोड शून्य म्हणजे ४ मिलीअँपिअर. तुमच्या नगाचं शून्य ४.००६ ला आलं तर खाली ओढायला जागाच उरत नाही. ०-२४ मध्ये एक पायरी ०.३६६ मायक्रोअँपिअरची, ४ मिलीअँपिअर म्हणजे १०९२३ आणि २० म्हणजे ५४६१३, दोन्ही टोकांना मोकळी जागा. नामूर या संघटनेच्या एनई ४३ शिफारशीप्रमाणे बिघाड दाखवायला ३.६ किंवा २१ लागले तर तेही देता येतात. कंट्रोल रजिस्टरचा पत्ता हेक्स ५५, आणि बाहेरचा रेझिस्टर, आउटपुट चालू, रेंज ०-२४ मिळून शब्द होतो हेक्स ३००७. स्लूची, म्हणजे प्रवाह हळूहळू बदलण्याची, सोय वापरायची तर पायरी ४ आणि घड्याळ ३३०० हर्ट्झ ठेवलं की ४ ते २० जायला ३.३ सेकंद लागतात. वाफेच्या व्हॉल्व्हला ते मानवलं.

प्रत्येक चॅनेल दुसऱ्यापासून वेगळा ठेवला. झेनर बॅरियर लूपला आपल्या अर्थिंगच्या पट्टीवर जमिनीशी बांधतो, व्हीएफडी आपला ॲनालॉग कॉमन (सिग्नलची परतीची बाजू) स्वतःच्या अर्थला बांधतो. सगळे चॅनेल एकाच कॉमनवर असले तर दोन अर्थमधला फरक तुमच्या सिग्नलमध्ये मिसळतो. वेगळेपणाची किंमत मोजावी लागते. एका चॅनेलमागे डीएसीचे साधारण ११००, डिजिटल आयसोलेटरचे (दोन बाजूंची वीज वेगळी ठेवून फक्त सिग्नल पलीकडे नेणारा) ३५०, २४ ते २४ व्होल्टच्या दोन वॅट डीसी-डीसी कन्व्हर्टरचे ७०० आणि बाकी बारीकसारीक २५०. आठ चॅनेलचे १९,२००. मायक्रोकंट्रोलर, आरएस-४८५ सिरीयल जोडणी आणि डबी धरून मॉड्यूल २३ हजारांच्या आसपास. वर जीएसटी १८ टक्के.

डीसी-डीसी रेग्युलेटेडच घ्या. पहिल्या बोर्डवर अनरेग्युलेटेड लावली होती, अर्ध्या किमतीत मिळते म्हणून. तिला भार नसला की आउटपुट वर चढतं. पॅनलचा पुरवठा २६ ला असताना आम्हाला बाहेर २९ मिळाले. आता फील्डमधली तार तुटली की करंट सोर्स आपलं व्होल्टेज कमालीपर्यंत नेतो, आणि २८ व्होल्टचा झेनर बॅरियर तिथे स्वतः वाहू लागतो. चिपला वाटतं लूप शाबूत आहे. तार तुटलेली, आणि अलार्म नाही. २४ वर बांधलेल्या पुरवठ्यात ही अडचण येत नाही. मात्र वापरायला मिळणारं व्होल्टेज मोजूनमापून राहतं : २४ मधून चिपचे २.५, मालिकेतल्या २० ओहमचे ०.४ आणि डायोडचे ०.७ वजा जाता २०.४. त्या वाफेच्या लूपला हेही पुरत नव्हतं, १८.३ मिलीअँपिअरला अडकलं असतं. म्हणून रेकॉर्डरच्या २५० ओहमच्या जागी ५० ओहम इनपुटचा सिग्नल आयसोलेटर घालायचं ठरलं. मग २० मिलीअँपिअरला १७.४ व्होल्ट लागतात, तीन हातात राहतात.

पीसीबी चीनहून मागवले. ३ जानेवारीला आले, पाच नग, कस्टम आणि कुरिअरचं शुल्क धरून ६,२००. कुरिअर कंपनी केवायसीत आयात-निर्यात कोड मागते. डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) साइटवर ५०० रुपयांत तो निघतो, पण दर वर्षी एप्रिल ते जूनमध्ये माहिती ताजी करावी लागते, काहीही बदललं नसलं तरी. नाहीतर कोड निष्क्रिय होतो आणि पार्सल पडून राहतं.

पहिल्या बोर्डने २५० ओहमच्या रेझिस्टरवर सुंदर आकडे दिले. ४.०००, ८.०००, १२.००१. त्या दिवशी वाटलं, काम संपलं. मग प्लँटमधून उसना आणलेला आय टू पी टेबलावर जोडला, रेग्युलेटर २० पीएसआयला लावला आणि १२ मिलीअँपिअर दिले. गेजचा काटा ९ पीएसआयवर स्थिर राहायला हवा. तो ८.८ आणि ९.२ च्या मध्ये थरथरत होता, आणि डबीला कान लावला तर बारीक गुणगुण ऐकू येत होती, बंद खोलीत ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो तशी. मीटर मात्र १२.०० दाखवत होता, कारण मीटर सरासरी दाखवतो. स्कोप लावल्यावर काही किलोहर्ट्झचं दोलन दिसलं. आय टू पीची कॉइल इंडक्टिव्ह भार आहे, आणि डेटाशीट स्वच्छ शब्दांत सांगते की अशा किंवा नीट माहीत नसलेल्या भारासाठी आउटपुट आणि ग्राउंडमध्ये ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घाला. आम्ही तो घातलाच नव्हता. सोल्डरिंग आयर्नच्या टोकाने कपॅसिटर लावला, गुणगुण थांबली, काटा ९ वर बसला. पोझिशनरचं हार्ट, म्हणजे त्याच तारांवरून चालणारा डिजिटल संवाद, चालेल का ही शंका लगेच येते. २२०० हर्ट्झला एवढा कपॅसिटर ७.२ किलोओहमचा दिसतो, लूपच्या काहीशे ओहमपुढे त्याचा त्रास नाही. याहून मोठा कपॅसिटर मात्र घालू नका.

दुसरा दोष त्याहून गंभीर होता. मायक्रोकंट्रोलरचं रीसेट बटण दाबलं की आउटपुट शून्यावर कोसळायचं आणि दीड सेकंदाने परत यायचं. कारण साधं : बूट होताना आमचा कोड आधी डीएसीला रीसेट करत होता. सगळे नमुना कोड असंच करतात. चालू प्लँटमध्ये वॉचडॉगने (कोड अडकला तर रीसेट करणाऱ्या टायमरने) कंट्रोलर उठवला तर वाफेचा व्हॉल्व्ह आपटून बंद होईल. डीएसीला स्वतःचा पुरवठा आहे आणि तो शेवटची किंमत धरून ठेवतो, म्हणून बूट झाल्यावर आधी कंट्रोल रजिस्टर वाचायचं. आउटपुट चालू आणि रेंज बरोबर दिसली तर काहीही लिहायचं नाही. डेटा रजिस्टर वाचून तिथूनच पुढे चालायचं. रीसेट फक्त थंड सुरुवातीला.

याला जोडूनच आयसोलेटरची गोष्ट. लॉजिक बाजूचा पुरवठा गेला की पलीकडचं आउटपुट वर जातं की खाली, हे भागाच्या क्रमांकावरून ठरतं. आयएसओ७७४१ वर जातो, आयएसओ७७४१एफ खाली. एडी५४२० लॅच पिनच्या चढत्या कडेला शिफ्ट रजिस्टरमधलं (येणारे बिट जमा होतात तिथलं) उचलते. पुरवठा नेमका आकडा पाठवताना गेला आणि लॅच वर उडालं, तर अर्धवट आकडा आउटपुटवर जाऊ शकतो. शेवटी ‘एफ’ असलेलाच घ्या. आणि पुन्हा पहिल्यापासून करायचं असेल तर डीएसी८७६० बघेन, कारण तिच्यात सीआरसी (पाठवलेल्या आकड्यातली चूक पकडणारी तपासणी) आणि वॉचडॉग आतच आहेत. एडी५४२० मध्ये हे नाही, त्यामुळे प्रत्येक आकडा लिहून झाल्यावर परत वाचावा लागतो.

दुरुस्त बोर्ड २० जानेवारीला पाठवला. २९ ला चिनी नववर्ष होतं, बोर्ड आले ते १९ फेब्रुवारीला. जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात कोणतीही ऑर्डर तिकडे अडकते हे गृहीत धरूनच वेळापत्रक बांधा.

प्रवाह ठरवणारा १५ किलोओहमचा रेझिस्टर ०.१ टक्क्याचा आणि १० पीपीएमचा (एका अंशाला दशलक्षात १० इतकाच बदलणारा) हवा. वितरकाकडे सहा आठवड्यांची वाट, म्हणून तोवर सीताबर्डीच्या बाजारातून १ टक्क्याचे, १०० पीपीएमचे आणून लावले. खोलीत कॅलिब्रेट केल्यावर दोष दिसत नाही. थर्माकोलच्या डब्यात मॉड्यूल ठेवून ६० वॅटचा पिवळा बल्ब लावला, २५ वरून ५८ अंशांपर्यंत नेलं, तर २०.००० चे १९.९५७ झाले. ४३ मायक्रोअँपिअर, स्पॅनच्या (४ ते २० मधल्या १६ मिलीअँपिअरच्या) पाव टक्क्याहून जास्त. खरे रेझिस्टर आल्यावर तोच प्रयोग : ६ मायक्रोअँपिअर. नागपूरच्या मे महिन्यात पॅनलच्या आत काय होतं हे ज्याला ठाऊक आहे त्याने हा डबा नक्की करून बघावा, खर्च शंभर रुपयांच्या आत. बूस्ट पिनवर बाहेरचा एनपीएन ट्रान्झिस्टर लावून चिपमधली उष्णता तिकडे वळवली, आणि तो ट्रान्झिस्टर त्या रेझिस्टरपासून जमेल तितका दूर ठेवला.

मॉड्यूलचं कॅलिब्रेशन आम्हीच केलं, पण ज्या लूप कॅलिब्रेटरने केलं तो एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं मंडळ) मान्यतेच्या लॅबमधून तपासून आणला : २,५०० रुपये अधिक जीएसटी, नऊ दिवस. प्लँटच्या ऑडिटला तेच प्रमाणपत्र लागतं. ४ आणि २० वर दुरुस्ती, मग ४, ८, १२, १६, २० चढत आणि तसंच उतरत नोंद. मोजण्याआधी मॉड्यूल अर्धा तास गरम होऊ द्या.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात माल पोहोचवू नका. वर्षअखेरीची मोजदाद चालू असते, स्टोअर आवक घेत नाही, आणि आवक पावतीशिवाय बिल पुढे सरकत नाही. आम्ही गुढीपाडवा जाऊ दिला आणि २ एप्रिलला नेला.

हंगाम संपून शटडाऊन लागलं. ७ एप्रिलला आत गेलो. अर्धा दिवस सुरक्षेच्या माहितीत, सोबत कामगार विम्याची प्रत, मग वर्क परमिट. परमिट रोज नवा, सकाळी गॅस टेस्टरच्या सहीनंतर. बॅटरीचं ड्रिल आत नेता येत नाही, छिद्रं बाहेरच पाडून न्या. सेफ्टीचा प्रश्न होता की बॅरियरचं प्रमाणपत्र या बदलाने बाधित होतं का. सुरक्षित बाजूच्या उपकरणात २५० व्होल्टहून जास्त काही नाही हे आम्ही लिहून दिलं, आणि बॅरियरची अर्थ मोजून दाखवली : ०.६ ओहम, मर्यादा १.

जुनं कार्ड काढण्याआधी प्रत्येक फेरूलचा (तारेच्या टोकावरच्या क्रमांकाच्या टोपणाचा) फोटो, पॅनलच्या दारावरच्या यादीसकट. अधिकृत कॅमेरा प्लँटचाच, तो आदल्या दिवशी सांगून ठेवावा लागतो. जोडण्याआधी प्रत्येक जोडीवर एसी आणि डीसी दोन्ही मोजले. शील्ड फक्त पॅनलच्या टोकाला अर्थ करायची. एका व्हीएफडीचा वेग सतत किंचित हलत होता, तिथे शील्ड मोटरच्या बाजूलाही बांधलेली निघाली. सोडली आणि आकडा थांबला.

लूप चेक वॉकी-टॉकीवर. आम्ही आकडा द्यायचा, फिटर व्हॉल्व्हपाशी उभा राहून स्केल वाचायचा. वाफेच्या व्हॉल्व्हवर २० मिलीअँपिअर दिले तेव्हा घशाला कोरड पडली होती. वॉकीवर आवाज आला, “शंभर.” थोडं थांबून परत, “पुरा शंभर, भाऊ.” मग मॉडबसची वायर मुद्दाम उपटली. दोन सेकंदांनी वाफ बंद, पाणी उघडं, मिसेला जिथल्या तिथे. प्रोसेसच्या मॅडमनी तक्ता हातात धरून एकेक ओळ टिक केली.

बिलाचे पैसे ४१ व्या दिवशी आले.

२२ मे ला दुपारी तीन वाजता परत गेलो. पॅनलच्या आत ५७ अंश. सहाही चॅनेल २० वर नेऊन मोजले. सर्वात जास्त सरकलेला ५ मायक्रोअँपिअर. राखीव मॉड्यूल स्टोअरमध्ये आहे. त्याचे कॅलिब्रेशनचे आकडे त्याच्याच मेमरीत आहेत, आणि एक छापील प्रत प्लास्टिकमध्ये घालून पॅनलच्या दाराला आतून चिकटवली आहे, फेल स्थितीच्या सही केलेल्या तक्त्याशेजारी.